अस्तरात गुंडाळलेला बोका

मी बोका बोलतोय. शिंप्याच्या दुकानातला, एक कान फाटलेला. कुणी ‘माऊ माऊ’ करत जवळ आलं तर मी उठून जातो, आधीच सांगून ठेवतो.

जन्म माझा चिंध्यांच्या पोत्यात. दुकान दोघा भावांचं. थोरला कापड बेततो, धाकटा शिवतो. दोघंही सडेफटिंग, राहायला मागच्याच खोलीत. उंदरांचं खातं माझ्याकडे, म्हणजे खरं तर दुकान तिघांचं.

एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाची एक बाही आखूड झाली. थोरला म्हणे शिवणीत जास्त धरलंस, धाकटा म्हणे कापलंच कमी. तेव्हापासून बोलणं बंद. बोलायचे ते माझ्याशी.

“मन्या, सांग त्याला, कॉलर राहिलीय.”

“मन्या, म्हणावं मला डोळे आहेत.”

मी काय सांगणार? कूस बदलायचो.

मग गल्लीत एक काळा, माजलेला बोका आला. मी त्याला पळवला, पण जाता जाता माझ्या मागच्या पायात दात रुतवून गेला. जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी, आत पू. पाय फुगला, अंग तापलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पू काढला आणि जंतू मारायच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ.

सकाळची गोळी थोरला मासळीत दडवायचा, संध्याकाळची धाकटा, आणि आपापल्या कामाला लागायचे. मी मासळी खायचो, गोळी वाटीतच ठेवायचो. कडूजहर वस्तू, का खाऊ? थोरल्याची उरलेली गोळी धाकट्याला दिसायची, धाकट्याची थोरल्याला. दोघंही मुकाट वाटी धुवायचे. सांगणार कसं? बोलणं बंद ना.

पाय पुन्हा फुगला. मला उभं राहवेना. दोघांनी मला पिशवीत घालून बाईंकडे परत नेलं.

“गोळ्या पोटात गेल्या का?” बाईंनी विचारलं.

“याच्या उरलेल्या मी बघितल्यात,” थोरला म्हणाला.

“आणि याच्या मी,” धाकटा म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. “बघितल्यात, आणि बोलला नाहीत? आता ऐका. असंच चाललं तर पाय कापावा लागेल. एकानं धरायचं, दुसऱ्यानं गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, वरून थोडं पाणी. आणि बरा दिसला तरी सगळ्या संपवायच्या.”

दुकानात येऊन थोरल्यानं कोटाचं नवं कोरं अस्तर काढलं आणि मला त्यात गुंडाळलं. नुसतं डोकं बाहेर. धाकटा गोळी घेऊन समोर.

“मन्या, सांग त्याला, जबडा नीट धर.”

मन्याचंच तोंड दाबलेलं. मन्या सांगणार डोंबल.

गोळी बाहेर आली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. थोरल्याच्या अंगठ्यात माझा दात गेला, तरी त्यानं मला सोडलं नाही. अंगठ्यातलं रक्त अस्तरावर उतरलं. धाकट्यानं त्या हाताकडे बघितलं.

“दादा,” तो म्हणाला, “मान जरा वर कर त्याची.”

थोरल्यानं मान वर केली. गोळी खाली गेली.

मग रोज तेच. “दादा, धर.” “धरलाय, घाल.” “पाणी घालू?” “हळू रे, ठसका लागेल त्याला.” पायाची सूज उतरली, मी भिंतीवर चढायला लागलो, तरी शेवटच्या गोळीपर्यंत ते अस्तर निघायचंच. मी शिव्या घातल्या, पण उपकार ते उपकार. आज चारही पाय माझेच आहेत, जरा लंगडतो इतकंच.

तुमच्या घरी असं आजारी जनावर असेल, तर गोळी वाटीत टाकून निघून जाऊ नका. पोटात गेली का बघा. आणि जे दिसेल ते एकमेकांना सांगा.

गोळ्या संपल्या. आता पुन्हा मुकाटपणा सुरू होणार, असं मला वाटलं होतं. सकाळी थोरला कापड पसरत म्हणाला, “ती बाही तूच आखूड केलीस.”

“कापली कुणी होती, दादा?”

तेव्हापासून भांडताहेत, पण थेट एकमेकांच्या तोंडावर. मला कुणी काही सांगायला लावत नाही. ते अस्तर माझ्याच नावावर झालंय. मी त्यात, दोघांच्या मधोमध, निवांत झोपतो.