पाठ केलेला खजिना

रविवारी ठकीला सात वर्षं पूर्ण होणार होती, आणि गुरुवारपासून तिच्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

वाढदिवसाला घरोघरी काय चालतं, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. वाढदिवस लेकराचा आणि परीक्षा आईबापांची. मोठ्या जाऊबाईंनी आपल्या मुलाच्या वाढदिवसाला त्याच्याकडून भर पाहुण्यांत वर्तमानपत्र वाचून घेतलं होतं. सहा वर्षांचं पोर घडाघडा वाचत होतं. जाऊबाई ठकीकडे बघत म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे सगळं जरा लवकरच असतं हो." ते वाक्य आईच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

म्हणून तिने खजिन्याचा शोध ठरवला. सात चिठ्ठ्या, प्रत्येकीत एक कोडं. कोडं सुटलं की पुढच्या चिठ्ठीची जागा कळणार, आणि सर्वांत शेवटी डब्यांच्या फळीमागे रंगीत पेन्सिलींची पेटी. कोडी तिने स्वतः रचली.

तू हसलीस की मीही हसतो,
तुझ्याच घरात भिंतीवर बसतो.

हा आरसा.

दिवसभर निजते, रात्री मात्र जागते,
तुझं डोकं मांडीवर घेऊन बसते.

ही उशी. बारा मुलं येणार होती, आणि त्यांच्या मधोमध उभी राहून चिठ्ठ्या वाचणार होती ठकी.

अडचण एवढीच होती, की ठकीला वाचता येत नव्हतं.

शाळेतल्या बाईंखेरीज घराबाहेर हे कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी वहीत दोनदा लिहून पाठवलं होतं, 'कृपया भेटून जा.' आईने दोन्ही वेळा खाली सही केली आणि गेली नाही. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची. लेकीचे डोळे तिने तीनदा तपासले होते. डोळे लख्ख होते, आणि हेच तिला सोसत नव्हतं. नंबर निघाला असता तर काच बसवून मोकळं होता आलं असतं.

मग वेणी घालताना, जेवताना, बुटांचे बंद बांधताना ती ठकीकडून कोडी पाठ करून घेऊ लागली.

"चिठ्ठी उघडायची, ओळीवर बोट ठेवायचं आणि सावकाश म्हणायचं. घाई केलीस तर कळेल लोकांना."

"काय कळेल?"

"काही नाही. म्हण तू."

डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता पाठ करून येणारी गिऱ्हाइकं तिने दुकानात कितीतरी पकडली होती. त्यांची नजर अक्षरावर अडत नाही, ओळीवरून घरंगळत जाते. आणि इथे ती पोटच्या पोरीला शिकवत होती, कुठे अडखळायचं, कुठे डोळे बारीक करायचे.

शनिवारी दुपारी तालीम ठरली. ठकीची आत्या सकाळीच मदतीला आली होती. आई तिला वन्सं म्हणायची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात वन्संची तीस वर्षं गेली होती. त्यांनी घातलेली घडी पट्टीने मोजून घ्यावी. पहिली चिठ्ठी स्वतःकडे ठेवून आईने उरलेल्या सहा त्यांच्या हातात दिल्या.

"वन्सं, कुठली कुठे लपवायची ते मागे लिहिलंय. तेवढं करता? मी फुगे बघते."

वन्संनी चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. "चष्मा घरीच राहिला गं माझा."

"मोठ्या अक्षरात लिहिलंय. दिसेल."

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तालीम सुरू झाली. ठकीने पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवून आरशाचं कोडं म्हटलं, धावत जाऊन आरशामागची चिठ्ठी काढली, उघडली आणि त्याच गोड सुरात सुरुवात केली, "दिवसभर निजते, रात्री मात्र..."

आईने तिच्या खांद्यावरून पाहिलं. चिठ्ठीत उशी नव्हतीच. चपलांच्या मांडणीचं कोडं होतं.

"नीट बघ."

"दिवसभर निजते..."

"बघ म्हणते ना! काय लिहिलंय?"

ठकीने चिठ्ठीकडे पाहिलं, मग आईकडे. हळूच म्हणाली, "तू आधी सांग ना, ही कितवी आहे?"

आईचा हात उठला. आवाज फारसा झाला नाही. ठकी रडलीही नाही. तिने चिठ्ठीची घडी घातली, आईच्या हातात ठेवली आणि आत जाऊन पलंग नि भिंत यांच्या फटीत बसली.

"मारायचं तर मला मार," दारातून वन्सं म्हणाल्या. "चिठ्ठ्या मी लपवल्या."

"अहो, पण मागे लिहिलं होतं ना!"

"असेल लिहिलेलं. सकाळपासून ठकीच्या तोंडून कोडी ऐकून जागा कळल्या, कुठली चिठ्ठी कुठे ते नाही. मला वाचता येत नाही."

आईला वाटलं, वन्सं तिचा राग घालवायला थट्टा करताहेत. "काहीतरीच काय. मी स्वतः तुम्हाला तीन चष्मे करून दिलेत."

"दिलेस की. तू तक्ता दाखवायचीस, मी म्हणायचे अंधुक दिसतंय. तू काच बदलायचीस, मी म्हणायचे अजून अंधुक. शेवटी तुझ्यावर दया येऊन म्हणायचे, हां, आता दिसलं. दोन वर्षं डोकं ठणकतंय माझं त्या चष्म्याने."

वाचता न येणाऱ्यांसाठी दुकानात वेगळा तक्ता होता, चित्रांचा. अनोळखी माणसापुढे आई तो सहज धरायची. घरच्या माणसापुढे धरावा असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"माझ्या आईनेही मला असंच पाठ करून दिलं होतं," वन्सं बोलत राहिल्या. "चार इयत्ता पाठांतरावर काढल्या. पाचवीत बाईंनी भलतंच पान उघडलं, आणि मी शाळा सोडली. कामावर तीनदा मुकादम करत होते मला. नको म्हटलं. नोंदवही लिहावी लागली असती. लोक म्हणाले, बाई किती निरिच्छ! कसली निरिच्छ गं, भेदरलेली होते मी. चष्मा विसरला, हात भिजलाय, घाईत आहे, तुम्हीच वाचा. जन्मभर सबबींच्या घड्या घातल्या."

"पण वन्सं, लोक हसतील हो तिला."

"हसतील. दोन दिवस. लपवलंस तर ती लोकांना भीत राहील, माझ्यासारखी, साठीपर्यंत. वाचता न येणं हा तिचा दोष नाही. ते झाकायला तू शिकवते आहेस, तो मात्र तुझा आहे."

आई आत गेली आणि त्या अरुंद फटीत कशीबशी लेकीशेजारी बसली. गालाला हात लावायचं तिला धैर्य झालं नाही.

"ठके, अक्षरं कशी दिसतात गं तुला?"

हा प्रश्न तिने आजवर विचारलाच नव्हता. ठकीने बराच विचार केला.

"नीट दिसतात. पण बोलत नाहीत. दुसऱ्यांशी बोलतात." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "तू रागावू नको, मी अजून पाठ करते."

आईने तिला पोटाशी धरलं. चुकलं माझं, हे शब्द तिच्या तोंडून निघाले खरे, पण ते त्या गालापेक्षा फार लहान होते.

रविवारी चिठ्ठ्या नव्हत्या. वन्सं खोलीच्या मधोमध स्टुलावर बसल्या आणि एकेक कोडं गाऊन सांगू लागल्या. आईच्या कोड्यांत त्यांनी आपलंही घातलं:

हात हलवी, पाय नाही, चालतो दिवसरात्र,
बारा घरं फिरून आला, भिंत सोडीना मात्र.

मुलं घड्याळाकडे धावली. सर्वांत पुढे ठकी होती.

"चिठ्ठ्या नाहीत वाटतं?" जाऊबाईंनी विचारलं. "वाचायला लावलं असतंत तर कळलं असतं, कोण किती पाण्यात आहे."

आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ठकीला अजून वाचता येत नाही. उद्या तिच्या बाईंना भेटणार आहोत. आधीच जायला हवं होतं."

जाऊबाईंनी भुवया उंचावल्या. ठकीने धावता धावता थांबून आईकडे पाहिलं, आणि आईने मान खाली घातली नाही.

निघताना एक पाहुणी दाराशी रेंगाळली. तिचा मुलगा ठकीच्याच वर्गात होता. इकडेतिकडे बघून ती पुटपुटली, "उद्या किती वाजता जाणार आहात? आम्हालाही दोनदा बोलावलंय बाईंनी."

बंधुभगिनींनो, सोमवारी शाळेतल्या बाईंनी काही जादू केली नाही. वेळ लागेल, त्या म्हणाल्या, कदाचित पुष्कळ वेळ लागेल. पण बाकावर त्या दिवशी पाच जण बसले होते: दोन लेकरं, दोन आया, आणि कोपऱ्यात पदर सावरून बसलेली साठीची एक बाई. आपल्या घरातलं मूल मागे राहतं तेव्हा आपण त्याचा हात धरायचा सोडून त्याला लपवतो, आणि तेही लपायला शिकतं. लेकराची उणीव चारचौघांत सांगायला लाज वाटते, हे खरं. ती लाज आईबापांनी सोसायची असते. आपण ती सोसली नाही, तर लेकरू जन्मभर सोसतं.