कानामागचा स्क्रूड्रायव्हर

मी एक जुना, हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर आहे, पण मित्रांनो, माझं नाव झालं ते स्क्रू फिरवण्यामुळे नव्हे, ऐकण्यामुळे. खोटं वाटतं ना? पेटीतल्या पक्कडीलाही वाटतं. मी बढाया मारतो असं ती अजून म्हणते. तिच्या तोंडाला कोण लागणार? तुम्हीच ऐका आणि ठरवा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादाची सळई भट्टीत लालभडक तापवली, टोक ठोकून चपटं केलं आणि मला तेलात बुडवलं. तेव्हा झालेला चर्र आवाज हा मी ऐकलेला पहिला आवाज. माझ्या घडणीत एक खुबी आहे. माझं पोलाद लाकडी मुठीत मध्येच थांबत नाही, ते आरपार जाऊन मुठीच्या मागे बटणाएवढं डोकं बाहेर काढतं. हातोडीचे घाव सोसावेत म्हणून केलेली ही सोय पुढे भलत्याच कामाला आली.

दुकानात खिळ्यांच्या खोक्यामागे वर्षभर धूळ खात पडलो होतो. तिथून मला बाबांनी उचललं. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ते एका कचेरीत नकाशे काढायचे. आठवडाभर बोटांना शाई आणि सुटीच्या दिवशी ग्रीस. त्यांनी नुकतीच सायीच्या रंगाची एक जुनी गाडी घेतली होती. ती निम्मा वेळ रस्त्यावर आणि निम्मा वेळ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असायची.

सुरुवातीला माझे हालच झाले. रंगाचे डबे उघडायला मी, तुंबलेल्या मोरीत खुपसायला मी. आईनं, म्हणजे बाबांच्या बायकोनं, एकदा खिडकी उघडी राहावी म्हणून मला फटीत अडकवलं आणि चार दिवस साफ विसरून गेली. दवानं माझ्या अंगावर गंज चढला. कुणाला सांगायचं?

मग एकदा गाडी अशी खडखडायला लागली की बाबांना काही उमगेना. नाक्यावरच्या गॅरेजचे म्हातारे मेस्त्री बघायला आले. त्यांनी माझं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि मूठ बाबांच्या कानामागच्या हाडावर दाबली. "आता ऐका," ते म्हणाले, "इंजिन आपणच सांगतं कुठे दुखतंय ते." बाबांचे डोळे मोठे झाले. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग कुरकुरत होतं आणि ते माझ्या पोलादातून थेट त्यांच्या डोक्यात पोचत होतं. (तुम्ही हे एकट्यानं करू नका बरं का. फिरत्या पट्ट्याजवळ सैल बाही नेणं म्हणजे आपल्या हातानं संकट ओढवून घेणं.)

त्या दिवसापासून माझं नशीब पालटलं. शेजारचे लोक गाड्या घेऊन यायचे. बाबा मला चार ठिकाणी टेकवायचे आणि अचूक दुखणं सांगायचे. बाबांचा कान म्हणजे कान, असं सगळे म्हणायचे. त्यांची लेक तेव्हा शाळेत होती. ती उलट्या बादलीवर बसून मला फडक्यानं पुसायची. मला पेटीत नव्हे, भिंतीवर स्वतंत्र खिळ्यावर जागा मिळाली. पक्कडीचा जळफळाट तेव्हापासूनचा.

वर्षं गेली. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, बाबा निवृत्त झाले. आणि हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी घरात कुणाच्याच आली नाही. बाबांना ऐकू येईनासं झालं होतं. मूठ कानामागे असेपर्यंत इंजिनाची बारीकशी टिकटिकसुद्धा त्यांना कळायची. मूठ खाली ठेवली की ते माणसांच्या ओठांकडे बघत बसायचे. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात अशी लोकांची समजूत असते, पण बाबा उलट आणखी हळू बोलायला लागले होते. मग शंका येणार तरी कशी?

आई हाका मारून दमायची. "गाडीत उंदीर शिंकला तर ऐकू येतं, मी घसा कोरडा करते ते मात्र नाही," असं ती शेजारणीला सांगायची. आधी हसून सांगायची, मग हसू गेलं. बाबांना मात्र आपलं दुखणं पुरतं माहीत होतं. त्यांचे वडीलही असेच झाले होते. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, मग कंटाळून बोलेनासे झाले. तसं आपलं होऊ नये म्हणून बाबांनी एक युक्ती काढली. कुणी काही म्हटलं की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो, हो."

त्या युक्तीनंच घात केला. आईची थोरली बहीण कायमची लेकाकडे राहायला निघाली होती, दोन दिवसांच्या वाटेवर. आई शेडच्या दारात आली आणि म्हणाली, रविवारी सकाळी मला ताईला निरोप द्यायला नेणार ना? बाबा इंजिनावर ओणवे होते आणि मी त्यांच्या कानामागे. माझ्यातून फक्त इंजिन जात होतं. दारात सावली हललेली बघून बाबा म्हणाले, "हो, हो."

रविवारी आई ठेवणीतली साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. बराच वेळ वाट बघून ती शेडमध्ये आली, तर गाडीचा गिअरबॉक्स जमिनीवर उघडा पडलेला आणि बाबा त्याच्याशेजारी खुशीत शीळ घालत बसलेले. ती तशीच मागे वळली. आत गेली आणि साडीची घडी घातली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती बाबांशी जेवायला वाढलंय, दार लावून घ्या, यापलीकडे बोलली नाही. बाबांना वाटलं, वडिलांसारखीच आपलीही पाळी आली. आईला वाटलं, या माणसाला आपली किंमत नाही. दोघांच्या मधे मी खिळ्यावर लटकत होतो आणि मला तोंड नव्हतं.

लेक सुटीला आली तेव्हा तिला घर मुकं वाटलं. आईनं आधी टाळाटाळ केली, मग रडत सगळं सांगितलं. लेक तणतणत शेडमध्ये आली. बाबा पाठमोरे उभे राहून प्लग घासत होते, इंजिन बंद होतं. तिनं त्यांना दारातूनच फैलावर घेतलं. मावशीचं, आईचं, त्या रविवारचं, सगळं काढलं. चांगली पाच मिनिटं ती बोलत होती. बाबा शांतपणे प्लग घासत राहिले. मग फडकं घ्यायला वळले, तिला बघून दचकले आणि हसून म्हणाले, "अगं, कधी आलीस?"

लेकीचा चेहरा पडला. ती फळीवरचं गजराचं घड्याळ घेऊन आली आणि तिनं ते त्यांच्या कानाशी धरलं. बाबा तिच्या ओठांकडे बघायला लागले. मग तिनं मला खिळ्यावरून काढलं, टोक घड्याळाला टेकवलं आणि मूठ त्यांच्या कानामागे दाबली. बाबांनी क्षणभर ऐकलं. "चालतंय की. जरा लंगडतंय, तेल दे," ते म्हणाले. लेक त्याच जुन्या बादलीवर बसली आणि रडायला लागली.

तिनं आईला हाताला धरून आणलं. मला काय इंजिन समजलीस, म्हणून आई आधी रागावली. मग काळं लागेल म्हणाली. लेकीनं मला पुसून पुसून चकाचक केलं. शेवटी आईनं माझं बोथट टोक हनुवटीला टेकवलं. मूठ बाबांच्या कानामागे होती. मी आयुष्यात शेकडो इंजिनं ऐकवली, पण त्या वेळेइतका कधी घाबरलो नव्हतो.

"त्या रविवारी मी पायरीवर बसून होते," आई म्हणाली. "तुम्ही हो म्हणाला होतात."

बाबांनी डोळे मिटून घेतले. तिचा आवाज त्यांना कितीतरी दिवसांनी नीट ऐकू येत होता. "मला वाटलं, तू चहाचं विचारतेयस," ते म्हणाले.

आईनं माझं टोक हनुवटीवर आणखी घट्ट दाबलं. मग ती म्हणाली, आधी सांगायचं नाही का? बाबांनी आपल्या वडिलांचं सांगितलं. आणि मग हळूच म्हणाले, "आणखी बोल ना." आई बोलत राहिली. वर्षभराचं साचलेलं होतं. हात भरून आला तेव्हा तिनं हात बदलला, पण मला खाली ठेवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आतला कान ठणठणीत आहे, तिथवर आवाज नेणारं इवलंसं हाड जखडलंय. म्हणजे सांधा जाम झालाय, असं बाबांनी लेकीला समजावून सांगितलं. आता त्यांच्या कानामागे, माझ्याच जागेवर, एक छोटं यंत्र बसतं. पुढच्याच महिन्यात सायीच्या रंगाची ती गाडी दोन दिवसांची वाट तोडून मावशीच्या दारात जाऊन उभी राहिली. आईनं तीच ठेवणीतली साडी नेसली होती.

मी आता म्हातारा झालोय, पण खिळ्यावर नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर चमच्यांच्या शेजारी असतो. सकाळी यंत्र लावायच्या आधी चहा पिताना आई मला उचलते आणि बाबांना दोन गोष्टी सांगते. यंत्र हाताशीच असतं, तरी मला उचलते.

मित्रांनो, मला मोरीत खुपसू नका, टोकाला तेलाचा हात लावत जा, एवढं तर मी मागेनच. पण आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी नुसतं "हो, हो" म्हणत असेल, तर रुसून निघून जाऊ नका. पाठीमागून बोलला असाल तर समोर या, आणि पुन्हा एकदा विचारा. आईच्या हनुवटीवर रोज माझा बारीकसा काळा ठिपका उमटतो. तो पुसायची घाई ती कधीच करत नाही.