बागेच्या दारातला माठ

मी एक जुना माठ आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा करू नका.

अथेन्सच्या कुंभारवाड्यात माझा जन्म झाला. कुंभाराने मला आतून लेप दिला नाही, कारण पाण्याचा माठ पाझरला तरच पाणी गार राहते. वेशीबाहेरच्या एका बागेच्या दारात, अंजिराखाली मला जागा मिळाली. त्या बागेत बायका, पुरुष, गुलाम एकत्र बसून सुखाचा विचार करत. सुखासाठीच जगायचे, असे ते उघड म्हणत. एवढे ऐकूनच गावाच्या तोंडाला पाणी सुटे! जाणारेयेणारे डोळे मिचकावून विचारत, "काय, आज कोण पिऊन लोळतंय?" आत येणाऱ्याला मिळे सातूची पेज आणि माझे पाणी. तेव्हा त्यांची तोंडे बघण्यासारखी होत.

नीकारेती तिथली सर्वांत म्हातारी. तिला मूतखड्याचा आजार होता. कळ ओसरली की ती भिंत धरत माझ्याकडे येई, वाटीभर गार पाणी पिई आणि म्हणे, "बस, आता काही नको." सुख म्हणजे काय, ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळले.

मग डेक्सिप्पोस आला. जहाजवाल्याचा लाडका मुलगा, नवा शिष्य. दर महिन्याच्या विसाव्या दिवशी ही बाग सुरू करणाऱ्या दिवंगत गुरूंच्या आठवणीत सगळे एकत्र जेवत. अशाच एका दिवशी सर्वांना खूश करायचे त्याच्या मनात आले. माझे ओले अंग बघून तो म्हणाला, "हा तर गळका आहे!" दारूच्या रांजणांना देतात तशी उकळती राळ त्याने माझ्या आत ओतली, मला गरागरा फिरवले आणि काठोकाठ दारू भरली. मला कोणी विचारले का? मूर्ख कुठला!

दुपारी नीकारेती वाटी घेऊन आली.

"आजी, आज पाणी कसलं? सुखाचं घर ना हे?"

"अरे लेकरा, मला तहान लागलीय. तुझी चैन तुझ्यापाशी ठेव."

तो ओशाळला. दारू ओतून देऊन त्याने मला विहिरीच्या पाण्याने भरले. पण माझी सगळी छिद्रे बुजली होती. मी जीव तोडून पाझरू पाहिले, थेंबही बाहेर आला नाही. पाणी कोमट झाले, त्याला राळेचा वास लागला. नीकारेतीने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

कुंभारवाड्यातून नवा माठ येईपर्यंत तिचा आजार बळावला आणि ती गेली.

आता माझ्यात चुलीतली राख भरतात. गाव अजूनही प्रत्येक खादाडाला आमच्या बागेचे नाव देते, आणि माझा संताप होतो. मित्रांनो, तुमच्या घरी पाझरणारा माठ असेल तर त्याला गळका म्हणू नका. कोणाला सुख द्यायची हौस आली, तर आधी त्याला काय हवे ते विचारा. डेक्सिप्पोसने विचारले असते, तर नीकारेतीने वाटीभर गार पाणी मागितले असते.