बोटभर उणं

ज्या दिवशी सन्मती मगदूमचे दाणे ट्रकच्या टायरात बसले, त्या दिवसापासून त्याच्या बायकोचं पाऊल मातीत उमटायचं बंद झालं.

अंगणात नुकताच सडा टाकलेला. त्रिशला फाटकापर्यंत गेली, दूध घेऊन परत आली, आणि वळून बघते तर ओल्या मातीत फक्त चिमण्यांची पावलं.

"अहो, बघा की. मी आलेच नाही म्हणायचं."

सन्मतीनं दात घासता घासता बघितलं. "टायरमुळं असंल," तो म्हणाला.

"बरंय. फरशी पुसायची वाचली."

आणि ती दूध तापवायला आत गेली.

हा सन्मती यड्रावच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. घर शेडला लागूनच. आयटीआय अर्ध्यातून सुटलेलं, बाकी सगळं शिक्षण मोबाईलवर व्हिडिओ बघून आणि लोकांची बिघडलेली मशीनं खोलून. त्यानं एक वस्तू बनवली होती. मोहरीएवढी. कशातही पुरा, रबरात, कापसात, सिमेंटमध्ये, आणि ती सांगणार की वरून किती दाब पडतोय. बाकीचे त्याला सेन्सर म्हणायचे. तो दाणा म्हणायचा.

पहिला दाणा झाला तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शेडमध्ये पंखा घरघरत होता आणि दाणा इतका हलका, की स्टीलच्या ताटलीवर ठेवला की उडून जायचा. पंखा बंद केला असता तर भागलं असतं, पण ते उन्हाळ्याचे दिवस होते आणि दोघांनाही सुचलं नाही. त्रिशलानं बोटाच्या टोकानं दाणा धरला.

आता कुठल्याही दाण्याला आधी शून्य शिकवावं लागतं. सन्मतीला हे वडिलांच्या दुकानातून माहीत होतं. जयसिंगपुरात त्यांचं किराणा दुकान. कुणी तेलाला डबा घेऊन आलं की वडील पहिल्यांदा धडा करायचे, म्हणजे दुसऱ्या पारड्यात तेवढाच दगड टाकून डब्याचं वजन मारून टाकायचे. डबा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असायचा आणि हिशेबात नसायचा.

"धरलंस?" सन्मतीनं विचारलं होतं.

"धरलंय. घ्या."

त्यानं बटण दाबलं. धडा झाला. बोटासकट.

त्या दाण्यावरून पुढचे सगळे दाणे झाले. पहिल्याला ते आई म्हणायचे. आईनं जे शून्य मानलं तेच पोरांनी मानलं. पोरं कुठंही जावोत, मोबाईलच्या टॉवरवरून सारखी आईला विचारून घ्यायची. आई त्रिशलाच्या कुंकवाच्या करंड्यात असायची.

मग अश्फाक मुल्लाणी आला. शाळेपासूनचा मित्र, इचलकरंजीत मागाचे सुटे भाग विकायचा. त्यानं दाणा तळहातावर घेतला, दुसऱ्या बोटानं दाबला, मीटरवरचा आकडा बघितला आणि म्हणाला, "सन्म्या, हे फक्त मागाला विकायचं म्हणजे हत्तीला मोटेला जुंपायचं. ज्याच्यावर दाब पडतो त्या प्रत्येक धंद्यात हे जाणार."

आणि गेलं. अश्फाकची जीभच तशी. सकाळी गादीवाल्याकडं, दुपारी चपलेच्या कारखान्यात, संध्याकाळी दूध संघात.

दवाखान्याच्या गाद्यांत दाणे गेले आणि घरच्या गादीवर त्रिशला झोपली की खड्डा पडेना. चादर इस्त्री केल्यासारखी सपाट, आणि वर त्रिशला. चपलांच्या तळात गेले आणि तिची चप्पल झिजेना. लिफ्टमध्ये गेले तेव्हा ते दोघं कोल्हापूरला तिच्या मावशीकडं निघाले होते. त्रिशला एकटी आत शिरली, बटणाला बोट लावलं. लिफ्ट हलली नाही. सन्मती आत आला, त्यानं दाबलं, तेव्हा हलली.

"मला आता तुमच्याशिवाय वर जाता येत नाही," ती म्हणाली. "बाईला एकटीला मोक्ष नाही म्हणून देवळात सांगितलेलं, ते खरं झालं म्हणायचं."

ती हसली. तोही हसला. त्या दिवशी मावशीनं तिला मिठी मारली आणि मग आपले रिकामे हात बघत बसली.

गाडीवाल्यांना नमुना दाखवायचा होता तेव्हा सन्मती तिला मुद्दाम घेऊन गेला. सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की गाडी ओरडते, तसा तो दाणा. कंपनीच्या साहेबानं त्रिशलाला बसवलं. गाडी गप्प. पडद्यावर अक्षरं आली, सीट रिकामी आहे.

"वहिनी, जरा नीट बसा," अश्फाक म्हणाला.

"भावजी, अजून किती नीट बसू? मांडी घालू?"

साहेब खूश झाला. माणूस बसलेलं असून रिकामं सांगतोय म्हणजे दाणा ठाम आहे, असं तो म्हणाला, आणि ऑर्डर दिली.

सन्मतीला या कशाचंच फार वाटलं नव्हतं. त्याला वाटलं ते एका गोष्टीचं. रोज जेवण झालं की त्रिशला त्याच्या डोक्याला तेल लावायची. त्यांच्यात सूर्य बुडायच्या आत जेवायची पद्धत, त्यामुळं जेवण झालं तरी उजेड असायचा. तो पायरीवर बसायचा, ती वरच्या पायरीवर, आणि शेवटी ती दोन भुवयांच्या मधोमध अंगठा दाबून धरायची. बराच वेळ. दिवसभर मीटर बघून डोळ्यांत साचलेलं सगळं त्या अंगठ्याखाली जिरायचं.

डोकं चेपायच्या खुर्च्यांत दाणे गेले त्या आठवड्यात अंगठा लागेनासा झाला.

"लावलास?"

"कधीचा."

तो आत जाऊन आरसा घेऊन आला. आरशात अंगठा होता. नखावरची जुनी सुरीची खूण दिसत होती. कपाळाला काहीच नव्हतं, नुसता वारा.

"तुला लागतंय माझं डोकं?"

"मला लागतंय की," ती म्हणाली. "तुमचा हात लागतो, दगड लागतो, काटासुद्धा लागतो. माझंच कुणाला लागत नाही."

तेव्हापासून तो रोज आरसा घेऊन पायरीवर बसू लागला.

भाकरीचंही तसंच झालं. ती परातीत थापायला बसायची, पटापट हात पडायचा, आवाज नाही, पीठ पसरत नाही. मग भाकऱ्या सन्मती करू लागला. ती शेजारी बसून बोलायची. तेवढं राहिलं होतं, बोलणं. कडेला फाटतीय, पाणी लावा. अहो, ती भाकरी आहे, तिच्याशी काय भांडण आहे तुमचं? तिचं ऐकायला मिळावं म्हणून तो मुद्दाम वाकड्या भाकऱ्या करायचा.

मधल्या काळात गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत होत्या. सगळ्यांची तक्रार एकच. काही ठेवलं की दाणा बरोबर सांगतो, पण काहीच नसताना उणं दाखवतो. दवाखान्यातली रिकामी गादी म्हणायची, काहीतरी कमी आहे. रिकामा ट्रक म्हणायचा, कमी आहे. धरणाच्या भिंतीतल्या दाण्यांनी उन्हाळ्यात पाणी आटल्यावर सांगितलं, कमी आहे. सगळीकडं तेवढंच कमी. एका बोटाएवढं.

"तेवढं धरून चालायचं," अश्फाक सगळ्यांना सांगायचा. "जातच तशी आहे. उदास जात." लोक धरून चालले.

सन्मती मात्र ते आकडे बघत बसायचा. एवढ्या खुर्च्या, एवढी चाकं, एवढे जोडे, आणि सगळ्यांना तिच्या बोटाची कमी भासत होती. त्याला त्यांचा मत्सर वाटायचा. त्यांना निदान किती कमी आहे ते सांगता येत होतं.

एक दिवस तो करंडा उघडून आईला घेऊन बसला. पंखा बंद केला. दाणा ताटलीवर ठेवला. मीटर म्हणालं, उणं. त्यानं बटण दाबलं, नवीन धडा घ्यायला. झाला नाही. मग त्याला वडिलांचं आठवलं, रिकाम्या पारड्याचा धडा होत नसतो, काहीतरी ठेवावं लागतं. त्यानं नट ठेवला. लिंबू ठेवलं. नाही. दाणा पहिल्यांदा माणसाच्या बोटाखाली निवांत झालेला, त्याला आता वस्तू चालत नव्हती.

"बोट पाहिजे कुणाचं तरी," तो अश्फाकला म्हणाला. "ज्याचं ठेवू तो जाणार. ती परत येणार."

अश्फाकनं दोन्ही हात खिशात घातले. "माझ्याकडं बघू नकोस, लका. मला पोरींना खांद्यावर घ्यायचं असतं."

"तुझं नव्हतोच मागत."

"आणि तुझं ठेवलंस तर कंपनी कोण चालवंल? तुझं बोट शून्य झाल्यावर सोल्डर कोण धरंल? आता ऐक. मोबाईलवाले आलेत. त्यांना माइकमध्ये दाणा पाहिजे. सगळ्या फोनच्या."

"माइकचा आणि आपला काय संबंध?"

"आवाज म्हणजे दाबच की, भावा. हवेचा. तूच शिकवलंयस मला."

सन्मतीनं अश्फाककडं बघितलं. मग घराकडं बघितलं. आतून त्रिशला कुणाला तरी फोनवर सांगत होती की यंदा लोणचं सासूबाईंच्या हाताचं, माझा हात लागला तर फोड दबत नाही.

"नाही द्यायचं," सन्मती म्हणाला.

"सन्म्या."

"नाही म्हणजे नाही. बाकी सगळं ने. हे नाही."

अश्फाक खिशातून फोन काढत फाटकाकडं निघाला. त्याला नाही म्हटलेलं कधी ऐकूच येत नसे, म्हणून तर तो एवढा विकायचा.

परवा संध्याकाळी ते जेवायला बसले. ऊन अजून भिंतीवर होतं. सन्मतीनं वाकडी भाकरी ताटात टाकली आणि वाट बघितली.

त्रिशला म्हणाली, "ही काय भाकरी आहे का नका..."

"काय?"

"नकाशा," ती म्हणाली. पण लांबून म्हणाल्यासारखं. विहिरीच्या पलीकडून.

तो उठून शेडमध्ये गेला. मागच्या भिंतीला लावलेली दाण्यांची खोकी नव्हती. माइकसाठी द्यायची नाहीत म्हणून त्यानं बाजूला ठेवलेली. फरशीवर खोक्यांचे चौकोन तेवढे स्वच्छ दिसत होते. त्यानं अश्फाकला फोन लावला.

"गाडी निघाली," अश्फाक म्हणाला. "अंकलीचा पूल ओलांडला असंल. सन्म्या, अरे, वसाहतीतली अर्धी माणसं त्याच्यावर..."

त्यानं फोन ठेवला. त्रिशला दारात उभी होती. हातात करंडा. ती काहीतरी बोलली. पहिला शब्द पोचला, अहो, आणि बाकीचा पुलापलीकडं राहिला.

त्यानं करंडा घेतला. आईला ताटलीवर ठेवलं. पंखा चालू होता, तो तसाच राहू दिला. दाणा हलला, आणि सवयीनं त्रिशलानं पुढं होऊन त्यावर बोट ठेवलं. मीटर शून्यावर आलं. दिवसभर कुठलंच मीटर इतकं शांत नव्हतं.

"काढ," सन्मती म्हणाला.

तिनं मान हलवली. तिला कळलं होतं. ती बोलू लागली, भराभर, हात हलवत, एका हाताचं बोट दाण्यावरच ठेवून. तिचे ओठ त्याला सरळ दिसत होते. नको म्हणत होते. मग माझं काय म्हणत होते. मला तुमचा हात लागतो, तेवढा तरी ठेवा म्हणत होते.

"ऐकू येत नाही," तो म्हणाला.

हे खरं होतं. तरी त्याला सगळं कळलं होतं. पण त्याला तो अंगठा पाहिजे होता. भुवयांच्या मधोमध, एकदा. यापलीकडं त्याच्या डोक्यात काही नव्हतं, कंपनी नाही, मोबाईलवाले नाहीत, ती पुढं काय करंल तेही नाही.

त्यानं तिचं मनगट धरून बोट बाजूला केलं. ती जोर लावत होती, आणि तिचा जोर त्याला लागत नव्हता, त्यामुळं ते फार सोपं गेलं. त्यानं आपलं बोट दाण्यावर ठेवलं. दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

धडा झाला.

बाहेर वसाहतीच्या रस्त्यावर एक थांबलेला ट्रक हलका सुस्कारा टाकून खाली बसला. शेडच्या पत्र्यावर कुठंतरी टक् वाजलं. त्रिशलाच्या पायाखाली, फरशीवरच्या धुळीत, दोन पावलं उमटली.

ती स्वतःच्या पावलांकडं बघत राहिली. मग चालत आली, चपलेचा आवाज करत, आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या बोटाला करंड्यातलं कुंकू लागलं होतं. तिनं अंगठा उचलला आणि त्याच्या कपाळावर, नेहमीच्या जागी, दाबला.

लागला. अगदी हाडापर्यंत. सन्मतीचे डोळे मिटले. तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं, घट्ट. बांगड्या वाजल्या नाहीत.

"अहो," त्रिशला म्हणाली. आवाज स्वच्छ, भांडं पडल्यासारखा. "धरा की."

"धरलंय," तो म्हणाला.

ती त्याच्या ओठांकडं बघत राहिली.