संत लुसीच्या हातची तबकडी

बोलतेय ती संत लुसी नव्हे बरं का, तिच्या लाकडी मूर्तीच्या हातातली सागवानी तबकडी बोलतेय. ती बाई भारी अबोल. माझं तसं नाही.

माझा जन्म अचलपूरचा. मिशनच्या सिस्टर आग्नेसनं दिलेलं चित्र समोर ठेवून नत्थुजी सुतारांनी मला घडवलं. देवाच्या ताटात त्यांनी फुलं पाहिली होती, पेढे पाहिले होते. इथं मात्र दोन डोळे कोरायचे होते. आठ दिवस ते पुटपुटत होते. रंग चढल्यावर स्वतःच माझी नजर चुकवू लागले.

तेव्हापासून मी अकोल्याकडच्या या छोट्या दवाखान्याच्या ओसरीत आहे. लुसीची गोष्ट सिस्टर येईल त्याला सांगते. फार जुन्या काळची ही मुलगी. स्वतःच्या लग्नाचा हुंडा तिनं गोरगरिबांना वाटून टाकला. धर्मापायी छळ सोसला, डोळे गेले तरी डगमगली नाही; तेच डोळे माझ्यावर कोरलेत. म्हणून डोळे दुखणारी माणसं तिचा धावा करतात.

बाळापूरकडच्या रुख्मिणीनं ही गोष्ट ऐकली नव्हती. ती आली तेव्हा कडेवर सहा वर्षांची शकुन होती, डोळे पुवानं चिकटलेले. आणखी दोन दिवस गेले तर पोरगी आंधळी होईल, असं सांगून सिस्टरनं थेंबांची बाटली काढली. रुख्मिणीनं पोरीचं तोंड पदराखाली घेतलं. दवाखान्याच्या औषधानं डोळे फुटतात, असं कुणीतरी तिच्या मनात भरवलं होतं.

तेवढ्यात तिला मी दिसले. माझ्यावरचे डोळे कुणीतरी नवसाचे वाहिलेत, म्हणजे ही डोळ्यांची देवी, अशी तिची समजूत झाली. गावच्या देवीसाठी करून घेतलेले चांदीचे डोळे तिनं कनवटीतून काढले, माझ्यावर ठेवले, हात जोडले आणि पोरीला घेऊन थेट बैलगाडीकडे निघाली. माझा जीव टांगणीला लागला.

सिस्टर दारात आडवी उभी राहिली.

"बाई, ही घेणारी नाही, देणारी आहे," ती म्हणाली आणि बाटली आणून त्या चांदीच्या डोळ्यांशेजारी ठेवली.

रुख्मिणीनं लुसीला पुन्हा हात जोडले. मग तिनं बाटली उचलून कपाळाला लावली.

"इनं देल्ली असन, त मंग टाका."

पंधरा दिवस मायलेकी ओसरीतच राहिल्या. सिस्टर रोज डोळे धुवायची, थेंब घालायची, वर पट्टी बांधायची. मी बापडी धास्तावून बघत होते. एका सकाळी पट्टी सुटली. शकुननं डोळे किलकिले केले, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"माय, त्या बाईच्या ताटात चार डोये हायेत."

रुख्मिणी पोरीला उराशी धरून पोटभर रडली. सिस्टर चष्मा पुसत राहिली. मी तर सुटलेच एकदाची.

चांदीचे डोळे रुख्मिणीनं परत नेले नाहीत. आता माझा रंग उडालाय, कडेला चीर गेलीय. तक्रार नाही. धूळ झटकणाऱ्यांना एवढंच सांगणं, चारातला एकही हलवू नका. शकुननं मोजलेत ते. चार भरतात ना, तेवढं बघा आणि मग खुशाल पुसा.