दोन मुसळांचं उखळ

मित्रांनो, मी एक जुनं उखळ आहे. कंबरेइतकं उंच, सायप्रस झाडाच्या खोडाचं आणि पोटात चांगलं खोल. एका बाजूला मला चीर गेली आहे, पण कोणी विचारल्याशिवाय मी ती दाखवत नाही. वय मात्र विचारू नका. माझा जन्म झाला तेव्हा अमेरिकेतल्या कॅरोलिनात इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं, त्यावरून काय ते ओळखा.

मला कडजोने घडवलं. सँटी नदीच्या काठी लामॉट मालकांची भातशेती होती आणि कडजो तिथला सुतार होता. तिथला म्हणजे मालकांच्या मालकीचा. शेत त्यांचं, नदीचे बांध त्यांचे, आणि ते बांध घालणारी, चिखलात उभी राहून भात लावणारी काळी माणसंही त्यांचीच, विकत घेतलेली. मजुरी नाही, आणि 'येतो' म्हणून निघून जायची सोय नाही. कडजोने दलदलीतून ओंडका ओढून आणला, निखारे ठेवून त्याचं पोट जाळलं आणि मग छिनीने कोरलं. शेवटी आत हात फिरवून तो मला म्हणाला, "झालं बाबा. आता खा पोटभर!" मी आजवर कणभरही खाल्लेलं नाही, पण त्याचं ते बोलणं मला फार आवडलं.

माझी जागा स्वयंपाकघरामागच्या अंगणात होती. रोज पहाटे कडजोची धाकटी बहीण बायना आणि तिची लेक फिबी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहायच्या. एक मुसळ वर, एक खाली. मालकांच्या ताटातला तांदूळ माझ्यातच कांडला जाई. आणि त्या मायलेकींची एक रीत होती. प्रत्येक घावाला एक नाव.

"सिया!" बायनाचा घाव पडायचा.

"सियाची जेनेबा!" फिबीचा पडायचा.

"जेनेबाची बायना!"

"बायनाची फिबी!" इथे पोरगी जरा जास्तच जोर लावायची. स्वतःचं नाव कोणाला आवडत नाही?

"हळू गं बये, कणी करशील सगळ्याची!" बायना ओरडायची. "शेवटचे घाव हलके."

सिया समुद्रापलीकडे, आफ्रिकेत गिनीच्या किनाऱ्यावर भात पिकवायची. तिच्या लेकीला, जेनेबाला, जहाजात कोंबून इकडे आणलं. तिच्याबरोबर सामान काहीच नव्हतं, पण ही रीत आली.

मोठ्या घरातही वंशावळीचं वेड होतंच बरं का. थोरले मालक गॅब्रिएल लामॉट यांनी जेवणघराच्या भिंतीवर एक झाड रंगवून घेतलं होतं. बुंध्याशी फ्रान्सहून आलेले आजोबा, त्यावर मुलगा, त्यावर नातू, सगळं सोनेरी अक्षरांत. पाहुणा जेवायला बसला की भात येईपर्यंत बिचाऱ्याला ते अख्खं झाड चढून उतरावं लागे. खिडकी उघडी असायची, म्हणून मलाही ते पाठ झालं. एकदा मालकांची मुलगी जुडिथ म्हणाली, "बाबा, यात मी कुठे आहे?"

"अगं, ते काय, ते पान," मालक म्हणाले.

पानावर नाव नव्हतं. झाडाला एकही आई नव्हती. आणि अंगणात नावं कांडली जात होती, ती तर त्या घरातल्या कोणाच्या कानावरच पडत नव्हती. त्यांना ती मुसळांची धडधड वाटायची.

थोरले मालक गेले. मुलगा आयझॅक आणि चार्ल्स टाउनला दिलेली जुडिथ, दोघं वाटणीला बसले. त्यांच्याकडे अशी पद्धत होती की शेजारचे जमीनदार येऊन मालमत्तेचे सारखे वाटे करत, मग वारस टोपीतून चिठ्ठ्या उचलत. शनिवारी शेजारचे कॅप्टन होल्ब्रुक अंगणात उभे राहून मोठ्याने वाटे वाचू लागले. पहिल्या वाट्यात चांदीचे चमचे, घोडी, सुतार कडजो, बायना. दुसऱ्या वाट्यात तांब्याची किटली, उखळ एक, जुनं. फिबी, पोरगी एक.

मित्रांनो, किटलीशेजारी बसायला माझी हरकत नव्हती. पण माझ्यानंतर फिबीचं नाव ऐकलं आणि मला लाज वाटली. माझी चीर त्या दिवसाची आहे असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ती उन्हाने गेली आहे, पण त्या दिवशीच जायला हवी होती.

सोमवारी चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. बायनाने माझा काठ घट्ट धरला. "दादा, माझी पोर जाणार," ती कडजोला म्हणाली. "चिठ्ठी कुठलीही निघो, पोर एकीकडे जाणार आणि मी दुसरीकडे."

कडजोने छिनी पुसून बाजूला ठेवली. मग त्याच्या डोळ्यांत ती नेहमीची मिश्किल चमक आली. "बायने, उद्या वाटणीला आलेले सगळे पाहुणे जेवायला आहेत ना?"

"हो."

"मग उद्या फिबीला बाजूला बसव, आणि धुणं धुणाऱ्या डॉर्कस आजीला घेऊन कांड. आणि असं कांड, की लामॉटांच्या घरी पेज झाली पाहिजे."

तुम्हाला यात काय विशेष वाटेल? पण त्या मुलखात भाताचा दाणा न् दाणा सुटा हवा. पाहुण्याच्या ताटात गिच्च गोळा पडला की घराण्याची इज्जत गेलीच म्हणून समजा. कर्ज असलं तर लपवता येतं, भात कुठे लपवणार?

रविवारी डॉर्कस आजीने मुसळ उचललं. वयाने वाकलेली बाई, पण काय ते घाव! माझ्या पोटात दाण्यांचा चुराडा झाला. दोघी ओठ चावून हसू दाबत होत्या. मला मात्र धाकधूक होती, कारण डाव उघडकीला आला असता तर पाठीवर चाबूक पडला असता.

जेवणघरातून कॅप्टन होल्ब्रुक यांचा आवाज आला. "आयझॅक, वडिलांबरोबर भातही पुरला की काय? ही तर आजाऱ्याची पेज आहे!"

सगळे खो खो हसले. पुढच्या क्षणी आयझॅक आणि जुडिथ तरातरा अंगणात आले. मागून हात पुसत पाहुणे.

"बायना, हा काय प्रकार आहे?" जुडिथ कडाडली.

"माफ करा, बाईसाहेब," बायना खाली बघून म्हणाली. "फिबी दुसऱ्या वाट्यात गेली. म्हणून म्हटलं, आतापासूनच तिच्याशिवाय सवय करावी. पण हे उखळ ऐकतच नाही."

"उखळ ऐकत नाही?" आयझॅक खेकसला. "मूर्ख समजतेस मला?"

"सरकार, मी सांगू?" कडजो टोपी काढून पुढे झाला. "मीच घडवलंय ते. दोन मुसळांचं उखळ आहे. मायलेकींचे हात लागून लागून त्याचं पोट तसंच झालंय. तिसरा हात लागला की दाणा फुटतो. मी सुतार, मला ठाऊक."

मित्रांनो, साफ खोटं! माझ्यात कोणीही कांडलं असतं. पण कडजो इतक्या गंभीर चेहऱ्याने बोलला, की क्षणभर मलाच खरं वाटलं.

"काहीतरीच! आण ते मुसळ इकडे," आयझॅक म्हणाला, आणि त्याने स्वतः घाव घातला. जन्मात पहिला. दुसऱ्या घावाला मुसळ निसटून त्याच्या बुटावर आदळलं आणि तो एका पायावर नाचू लागला. तांदळाचं पीठ त्याच्या विगवर जाऊन बसलं. कॅप्टनना खांबाला धरून हसावं लागलं.

मग मायलेकी उभ्या राहिल्या. नावं त्यांनी मनातल्या मनात घेतली, पण शेवटचे घाव हलके पडले. सुपात पाखडल्यावर तांदूळ मोत्यासारखा अख्खा!

"या दोघी आणि हे उखळ एका वाट्यात घाला," जुडिथ ताबडतोब म्हणाली.

"घाला, आणि तो वाटा मला येऊ दे," लंगडत आयझॅक म्हणाला.

पाहुण्यांनी बायनाला दुसऱ्या वाट्यात घालून वाटे पुन्हा जुळवले. सोमवारी जुडिथच्या हाती आमची चिठ्ठी आली. कडजो आयझॅकच्या वाट्याला गेला. आयझॅकने दूर जॉर्जियात नवी जमीन घेतली होती.

कडजोला हे आधीच कळलेलं होतं. बायना एका वाट्यातून उठली की भाऊ मागे राहणार, एवढा हिशेब त्याला येत होता. गाडीवर चढायच्या आधी तो माझ्याजवळ आला. फिबी त्याला बिलगून रडत होती. "मामा, तू नको जाऊस."

"रडतेस काय वेडे? आई मिळाली ना तुला?" तो म्हणाला. "आता माझं एक काम कर. नावं घ्याल तेव्हा माझं शेवटी घे. शेवटचे घाव हलके असतात, मला लागणार नाही. मीही तिकडे एक उखळ कोरीन. त्यात शेवटचे दोन घाव तुमचे."

गाडी निघाली. मायलेकी किती रडल्या म्हणून सांगू! त्यानंतर त्या एकमेकींपासून कधी दूर झाल्या नाहीत. कडजोची खबर काही आली नाही. पण रोज सकाळी, फिबीच्या नावानंतर, एक हलका घाव पडायचा. "कडजो."

पुढे राजा गेला, आणि आणखी तीन-चार पिढ्यांनी गुलामीही गेली. ते बघायला मायलेकी नव्हत्या, याचं मला आजही वाईट वाटतं. गिरण्या आल्या आणि मला कोणी विचारेनासं झालं. कोणी माझ्यात झेंडू लावले. एका कोंबडीने तर माझ्यात संसारच थाटला. पण फिबीच्या लेकीबाळींनी रीत सोडली नाही. दर उन्हाळ्यात सगळं कुटुंब जमतं, कोंबडीला नमस्कार करून मला रिकामं करतं, मूठभर भात टाकतं आणि नावं कांडतं. हल्ली हे सगळं एर्नेस्टीनबाई बघतात. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि फार कडक आहेत. घाव चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या उन्हाळ्यात आमचा मेळा नदीकाठच्या बागेत होता. शेजारी जॉर्जियाहून एका चर्चची सहल आली होती. आमच्या पोरी कांडत होत्या. सिया, जेनेबा, बायना, फिबी, मग खाली खाली येत आजच्या लेकीपर्यंत. मग हलका घाव. "कडजो." झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सहलीतली एक म्हातारी केव्हाची येऊन उभी होती. लुव्हेनिया तिचं नाव. तिने पोरीच्या हातातलं मुसळ काढून घेतलं.

"अहो आजी, जड आहे ते!" एर्नेस्टीनबाई म्हणाल्या.

"थांबा हो. तुम्ही मधेच सोडलंत," म्हातारी म्हणाली. "आमच्या घरी कडजोपासून सुरू करतात. आणि शेवटी अजून दोन असतात."

तिने मुसळ उचललं आणि हलकेच सोडलं. "बायना." पुन्हा उचललं. "बायनाची फिबी."

एर्नेस्टीनबाई पुढे आल्या.

"ही नावं... तुम्हाला कोणी सांगितली?" एर्नेस्टीनबाईंनी विचारलं.

"आजीने. तिला तिच्या आजीने. या दोघी कोण, ते आम्हाला कोणालाच ठाऊक नाही. पण घ्यायच्या, आणि हलक्या हाताने घ्यायच्या, असं आहे आमच्याकडे."

कडक एर्नेस्टीनबाई त्या म्हातारीच्या गळ्यात पडून लहान मुलीसारख्या रडल्या. आणि मग जे हसले सगळे! दोन्हीकडची पातेली एका टेबलावर आली. भात मात्र जरा गिच्च झाला होता. कोणी चकार शब्द काढला नाही.

मित्रांनो, लामॉटांचं ते सोनेरी झाड घराबरोबर जळून गेलं. मला तेल लावा, सावलीत ठेवा, पावसात विसरू नका, हे तर मी सांगणारच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या आजीच्या आईचं नाव काय? माहीत नाही ना? आज घरी गेल्यावर विचारा, सांगायला माणूस आहे तोवर विचारा. आणि नाव कळलं की कशावर तरी एक थाप मारा. टेबल चालेल, पातेलं चालेल. फक्त हलकी मारा.