बुडणाऱ्या पाड्यांचा ट्रॅक

मुंबईच्या म्युझिक कंपनीतला ज्ञानेश फोनवर इतका गोड बोलत होता, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"मोहिनी, अल्बम भन्नाट झालाय. तारपा, पावरी, त्याखाली तुझा तो इलेक्ट्रॉनिक बेस! ट्रायबल आयडेंटिटी एकदम अंगावर येते. फक्त शेवटचा ट्रॅक काढून टाक."

शेवटच्या ट्रॅकमध्ये माझा मंगळूकाका गातो. काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटं ओढायची, की थाळी घुमायला लागते. त्या घुमण्यावर आम्हा कोकणा आदिवासींत कथा सांगतात. काकाने जुन्या कथेत नवं कडवं घातलंय. पेठकडच्या आमच्या डोंगरात धरण येणार आहे, त्यात बुडणाऱ्या पाड्यांची नावं त्याने घेतलीत. चिंचपाडा, उंबरमाळ, खैरपाली. खैरपाली आमचा.

"ते कडवं राजकारण आहे गं," ज्ञानेश म्हणाला. "बाकीची संस्कृती आहे."

माझं डोकंच फिरलं. आमचे पाय नाचले की संस्कृती, आणि तेच पाय आपल्या जमिनीवर रोवून उभे राहिले की राजकारण? पण हे मी तोंडाने बोलले नाही. कंपनीशिवाय अल्बम काढला तर ऐकणार कोण, ही धास्ती होतीच. "विचार करते," म्हटलं. ठरवलं, आधी काकाला ट्रॅक ऐकवायचा. तो 'काढू नको' म्हणेल आणि मला भांडायला बळ येईल.

काका-काकी द्राक्षांच्या छाटणीला आलेले होते. या दिवसांत पेठकडचे अर्धे पाडे नाशिकच्या बागांमध्येच सापडतात. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या घालत मी संध्याकाळी मळ्यावर पोचले, तेव्हा चुली पेटल्या होत्या. काकाच्या कानांना हेडफोन लावला. त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"हे नको लावू कुठं."

"का? धरणाचं नाव घेतलंय म्हणून घाबरलास?"

"धरणाचं ऱ्हाऊ दे. माझी बायको कुठं हाय यात?"

थाळीवर कथा चालते तेव्हा समोर बसलेल्याने ओळीओळीला 'हां' म्हणायचं असतं. 'हां' आला नाही तर सांगणारा पुढे जात नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी भिमाकाकी तेच करत होती. आणि मी, साउंड इंजिनिअरिंग शिकलेली शहाणी, तिचा एकेक 'हां' नॉइज समजून खोकल्यांबरोबर कापून टाकला होता.

"एकटा बडबडणारा येडा वाटतो मी," काका म्हणाला. "आन् आपला पाडा बुडतोय ते काय मला एकट्यालाच दिसतंय? दुसरं कोणी साक्षीला नाय?"

मला स्वतःचाच भयंकर राग आला. ज्ञानेशला एक ट्रॅक नको होता. मी तर ट्रॅकमधून माणसंच काढली होती, आणि वर आपल्या लोकांचा अल्बम म्हणून मिरवत होते.

"परत गाशील?" मी विचारलं. रेकॉर्डर पिशवीत होताच.

काकाने थाळी काढली. काकी समोर बसली आणि पहिल्या ओळीला एकटीच 'हां' म्हणाली. मग शेजारच्या चुलीवरून बयाबाईने साथ दिली. खैरपालीचं नाव आलं तेव्हा तव्यावरच्या भाकरी तशाच टाकून बाया आल्या, गडी आले, आणि अख्खा मळा 'हां' म्हणाला. या ओळीखाली मी नंतर बेस लावलाच नाही.

ट्रॅक तयार झाल्यावर पुन्हा मळ्यावर गेले. काकाने ऐकला, मान डोलावली. तिथूनच मी तो ज्ञानेशला पाठवला. थोड्या वेळात त्याचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावला.

"मोहिनी, हे काय? आधी निदान एकटा म्हातारा गात होता."

"हां," भाकरी थापता थापता काकी सवयीने म्हणाली.

"आता सगळं गाव बोलतंय!"

"हां," काकी आणि बयाबाई.

"कोण आहे तिकडे? अगं, असं सगळ्यांनी मिळून म्हटलं की त्याचं राजकारण होतं!"

"हां!" चुलींभोवतीचे सगळेच म्हणाले. मला हसू आवरेना, आणि धास्ती कुठच्या कुठे पळाली.

"ऐकलंस ना?" मी म्हणाले. "हा ट्रॅक राहणार, आणि सगळ्यांत आधी लागणार. कंपनीला झेपत नसेल तर अल्बम मी एकटी काढते."

फोन ठेवला. काकीने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"एकटी कशापायी?" ती म्हणाली.